वाचक विचारतात : बर्माची तूर आणि जगाची चिंता

मागील अंकात संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजाविषयीच्या एका उत्तरात, म्यानमारमधील मानवी हक्क आणि नागरी स्वातंत्र्याच्या स्थितीबद्दल जगभरातून चिंता व्यक्त होत आहे, असे एक वाक्य मी ओझरते लिहून गेलो होतो. तुरीची सोंगणी आणि हरभऱ्याचे ओलीत एकाच वेळी चालू असताना विदर्भातल्या वाचकांना त्या वाक्याकडे पाहायला सवड मिळेल, असे मला वाटले नव्हते. पण पत्रे आली, आणि त्यांतली काही रोखठोक होती. त्यांपैकी पाच या अंकासाठी घेतली आहेत.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी असून कपाशीत तुरीच्या ओळी घेतो. आमच्या बाजार समितीत हर्रास सुरू होण्यापूर्वी अडते मोबाइलवर मुंबई आणि चेन्नईचा ‘लेमन’चा भाव पाहतात आणि मगच बोली लागते. लेमन म्हणजे बर्माची तूर, हे मला उशिरा कळले. ज्या देशातले सरकार आपल्याच गावांवर विमानातून बॉम्ब टाकते, त्या देशाची तूर आपण घेतो कशी? आणि जगाने नुसती ‘चिंता’ व्यक्त केल्याने तिथल्या माणसांचे काय भले होते?

उत्तर : आपले प्रश्न दोन आहेत आणि दुसरा जास्त अवघड आहे, म्हणून आधी तुरीचे बोलू.

जून २०२१ मध्ये भारत आणि म्यानमार यांच्यात एक सामंजस्य करार झाला. २०२१-२२ पासून पाच वर्षे, दर वर्षी २.५ लाख टन उडीद आणि १ लाख टन तूर खासगी व्यापाऱ्यांमार्फत आणण्याचे त्यात ठरले. आता तारखांकडे पाहा. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत लोकशाहीवादी नेत्या आँग सान स्यू ची यांच्या पक्षाने संसदेच्या निवडून द्यावयाच्या ४७६ जागांपैकी ३९६ जिंकल्या, आणि नवी संसद ज्या दिवशी भरायची होती त्याच दिवशी, म्हणजे १ फेब्रुवारी २०२१ रोजी पहाटे, लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग यांनी स्यू ची यांना आणि राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट यांना अटक करून सत्ता घेतली. मतदार याद्यांत घोटाळा झाल्याचे कारण पुढे करण्यात आले. आपला डाळीचा करार त्यानंतर पाच महिन्यांच्या आत झालेला आहे.

ती तूर पिकते कुठे, हेही आपल्याला माहीत असावे. सगाइंग, मॅग्वे आणि मंडाले हा म्यानमारच्या मध्यभागातला कोरडा पट्टा. पाऊस बेभरवशाचा, जमिनीला ओलिताची सोय कमी, आणि पिके म्हणजे तीळ, भुईमूग, तूर, ज्वारी. नकाशावरची नावे झाकली तर वर्णन आपल्या यवतमाळ-वाशीमचे वाटावे. तिथले लोक स्वतः तूर फारशी खात नाहीत. ती मुख्यतः आपल्यासाठीच पेरली जाते. आणि लष्कराविरुद्ध खेड्यापाड्यांतून सर्वांत चिवट सशस्त्र प्रतिकार उभा राहिला तोही याच पट्ट्यात. बंडखोरांचे अन्न, पैसा, खबरा आणि नवी भरती हे चारही तोडायचे, ही बर्मी लष्कराची जुनी रीत आहे आणि ते तिला ‘चार तोड’ असेच म्हणतात. अन्न तोडायचे म्हणजे काय करायचे, हे शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. गावे जाळली जातात, आणि घराबरोबर कणगीही जळते. ११ एप्रिल २०२३ रोजी सगाइंगमधील पाझीजी या गावात एका कार्यालयाच्या उद्घाटनाला जमलेल्या लोकांवर विमानातून बॉम्ब टाकण्यात आले आणि दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत लहान मुलेही होती. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच प्रदेशातल्या लेट येट कोन गावच्या शाळेवर हल्ला होऊन निदान ११ मुले दगावली होती.

मग ती तूर घेणे बंद करावे का? भावना तसेच सांगते, आणि आपल्या बाजार समितीतला भावही तसेच सांगेल. पण मला या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. लेमन तुरीच्या डॉलरचा एक हिस्सा लष्कराच्या ताब्यातील मध्यवर्ती बँकेकडे जातो, हे खरे आहे. २०२२ पासून निर्यातदारांवर परकीय चलन ठरवून दिलेल्या दराने बदलून घेण्याची सक्ती आहे. तो दर डॉलरला २,१०० क्यात असा बांधलेला असताना खुल्या बाजारात डॉलर त्याहून कितीतरी महाग विकला जात होता, आणि मधला फरक निर्यातदाराच्या, पर्यायाने शेतकऱ्याच्या खिशातून जात होता. तरीही उद्या भारताने तूर घेणे थांबवले, तर लष्कराला नैसर्गिक वायू, रत्ने आणि लाकूड विकून पैसा मिळवता येईल. पाझीजीच्या शेजारच्या गावातल्या माणसाला मात्र त्याच्या तुरीला दुसरे गिऱ्हाईक मिळणार नाही. आपल्याकडे हमीभावाखाली भाव गेला की आपण सरकारला बोल लावतो, मोर्चा काढतो, तहसीलसमोर तूर ओततो. त्याने असे काही केले तर त्याला कलम ५०५-अ लागते. लोकांत भीती पसरवणे किंवा खोटी बातमी देणे या नावाखाली तीन वर्षांच्या कैदेची तरतूद असलेले हे कलम सत्तापालटानंतर दोनच आठवड्यांत कायद्यात घालण्यात आले. म्हणून आयातीवर वाद घालायचा तो आपल्या शेतकऱ्याच्या भावावरून जरूर घालावा, पण म्यानमारच्या लोकांच्या नावाने घालू नये, असे माझे मत आहे. सध्या काही मंडळी दोन्ही गोष्टी एकाच भाषणात करताना दिसतात.

आता ‘चिंते’विषयी. आपल्या पत्रातला ‘नुसती’ हा शब्द मला बराच वेळ बोचत राहिला.

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात आमच्या शिवारात गारपीट झाली. तिसऱ्या दिवशी पंचनामा करायला माणसे आली. त्यांतल्या एकाने धुऱ्यावर उभे राहून, चपलेला चिखल लागणार नाही अशा बेताने, झोपलेल्या गव्हाकडे पाहिले, गट क्रमांक विचारला, टक्केवारी लिहिली आणि भावाची सही घेतली. भाऊ चिडून म्हणाला, ‘लिहून काय गहू उभा राहते?’ नाही राहत. पण ज्यांच्या शेताचा पंचनामा राहून गेला, त्यांचे नाव पुढे कोणत्याच यादीत आले नाही, आणि वर्षभराने त्यांच्या शेतात गारा पडल्या होत्या हेदेखील त्यांना सिद्ध करता येईना.

आंतरराष्ट्रीय चिंता ही बऱ्याच अंशी पंचनाम्यासारखी असते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने सप्टेंबर २०१८ मध्ये म्यानमारसाठी एक स्वतंत्र तपास यंत्रणा स्थापन केली, जिचे काम फक्त पुरावे गोळा करून ते न्यायालयात टिकतील अशा रीतीने जपून ठेवणे हे आहे. तिला कोणालाही अटक करण्याचा अधिकार नाही. याखेरीज १९९२ पासून त्या देशावर विशेष प्रतिवेदक, म्हणजे तिथल्या स्थितीचा अहवाल देणारा तज्ज्ञ, नेमलेला असतो. मे २०२३ मध्ये प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी, सत्तापालटानंतर लष्कराने किमान १०० कोटी डॉलरची शस्त्रे आणि त्यांना लागणारे साहित्य कोणाकडून घेतले, याचा देशवार हिशेब मांडला. रशिया आणि चीन त्यात अर्थातच होते. सिंगापूरमधील कंपन्यांचा आकडा सुमारे २५.४ कोटी डॉलर होता आणि भारतातून गेलेल्या मालाचा ५.१ कोटी. सिंगापूरच्या सरकारने त्या कागदावरून चौकशी लावली, आणि पुढच्या वर्षीच्या हिशेबात तिथून जाणारा माल जवळपास नव्वद टक्क्यांनी घटलेला दिसला. म्हणजे एका माणसाने लिहिलेल्या अहवालाने कोट्यवधींचा माल अडला. त्याच वर्षी थायलंडमधून होणारा पुरवठा मात्र दुपटीच्या घरात गेला, हेही त्याच कागदात आहे.

दुसरे उदाहरण गांबियाचे. पश्चिम आफ्रिकेतला हा देश लोकसंख्येने आपल्या यवतमाळ जिल्ह्याहूनही लहान. २०१७ च्या ऑगस्टपासून राखाइन प्रांतातील सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान लष्कराच्या कारवाईमुळे बांगलादेशात पळून आले. गांबियाचे कायदामंत्री अबुबकर तांबादू यांनी पुढे कॉक्स बझारच्या छावणीत जाऊन त्यांच्या हकिकती ऐकल्या. या गृहस्थांनी पूर्वी रवांडातील नरसंहाराच्या खटल्यांत काम केले होते, त्यामुळे आपण काय ऐकतो आहोत हे त्यांना लगेच उमगले. नोव्हेंबर २०१९ मध्ये गांबियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारवर वंशसंहार करारानुसार दावा दाखल केला आणि २३ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने रोहिंग्यांच्या संरक्षणाचे अंतरिम आदेश दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांनी मिन आँग ह्लाइंग यांच्याविरुद्ध अटक वॉरंट मागितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अर्जेंटिनाच्या एका न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध वेगळे वॉरंट काढलेसुद्धा.

एवढे सांगून मी आपली समजूत घालू पाहत नाही. जुलै २०२२ मध्ये चार राजबंद्यांना फासावर देण्यात आले. त्यांत माजी खासदार फ्यो झेया थॉ आणि १९८८ च्या लोकशाही आंदोलनातले को जिमी होते. तीसहून अधिक वर्षांत त्या देशात फाशीची अंमलबजावणी झाली नव्हती, आणि ती होऊ नये म्हणून कंबोडियाच्या पंतप्रधानांनी आग्नेय आशियाई देशांच्या ‘आशियान’ संघटनेचे अध्यक्ष या नात्याने आधी पत्रही लिहिले होते. राजबंद्यांची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेच्या मोजणीप्रमाणे लष्कराने मारलेल्यांची संख्या २०२५ मध्येच सहा हजारांच्या पुढे गेली होती. सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी लादलेली नाही, कारण तिथे रशिया आणि चीनला नकाराधिकार आहे. पंचनामा झाला म्हणजे भरपाई मिळतेच असे नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

प्रश्न : वर्तमानपत्रे कधी म्यानमार लिहितात, कधी बर्मा, आणि आपण ब्रह्मदेश. बरोबर काय? (एक शिक्षिका, मेहकर)

उत्तर : तिन्ही नावे त्याच देशाची. इंग्रजी नाव बर्मावरून म्यानमार केले ते १९८९ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने, लोकांना न विचारता. म्हणून लोकशाहीवादी मंडळी बरीच वर्षे हट्टाने बर्माच म्हणत असत. ब्रह्मदेश हे आपले मराठी नाव असून टिळक मंडालेला गेले तेव्हापासून ते घराघरांत रुळले आहे. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत म्यानमार लिहिले तर गुण कापू नयेत.

प्रश्न : मी आर्वी येथे कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. एखाद्या देशाने आपल्या नागरिकांना कसे वागवावे हा त्या देशाचा अंतर्गत प्रश्न नाही का? आज आपण म्यानमारबद्दल बोललो तर उद्या परदेशी संस्था भारताबद्दल बोलतील. मग आपण ते ऐकून घ्यायचे का?

उत्तर : तुमचा प्रश्न जुना आहे आणि तो जागतिक व्यासपीठावर पहिल्यांदा ज्या प्रसंगी गाजला, त्यात भारतच फिर्यादी होता, हे तुम्हाला पाठ्यपुस्तकात बहुधा वाचायला मिळाले नसेल. १९४६ साली, आपण स्वतंत्रही झालो नव्हतो तेव्हा, दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीची तक्रार आपण संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्याच आमसभेत नेली. प्रतिनिधिमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. दक्षिण आफ्रिकेने सनदेच्या दुसऱ्या कलमातील सातव्या पोटकलमाकडे बोट दाखवले, ज्यात राष्ट्रांच्या अंतर्गत कारभारात संयुक्त राष्ट्रांनी हस्तक्षेप करू नये असे लिहिले आहे, आणि तुम्ही मांडलेलाच युक्तिवाद केला. डिसेंबर १९४६ मध्ये ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव भारताच्या बाजूने गेला. आज ‘आमच्या घरात डोकावू नका’ असे जो देश म्हणतो, तो त्या दिवशी हरलेली बाजू मांडत असतो. मग तो म्यानमार असो, चीन असो की आपण.

बोलणे आणि हस्तक्षेप करणे यांत मात्र फरक करायला हवा. शेजारच्या घरात मारहाणीचा आवाज आला तर दारात जाऊन ‘काय चाललंय’ म्हणून विचारणे वेगळे आणि त्याच्या वावराचा धुरा कोरणे वेगळे. कोणते राष्ट्र कोणाबद्दल बोलते आणि कोणाबद्दल गप्प बसते, यात स्वार्थ असतोच. अमेरिका म्यानमारवर जेवढी कडाडते तेवढी आपल्या तेलवाल्या मित्रांवर कडाडत नाही. आपलेही तसेच आहे. जून २०२१ मध्ये आमसभेने म्यानमारला होणारा शस्त्रपुरवठा थांबवावा असा ठराव केला तेव्हा बाजूने ११९ मते पडली, विरोधात एकट्या बेलारूसचे, आणि तटस्थ राहिलेल्या ३६ देशांत भारत होता. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेने हिंसाचार थांबवून राजबंद्यांना सोडण्याची मागणी केली तेव्हाही चीन आणि रशियाबरोबर भारत तटस्थच राहिला, आणि त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद आपल्याकडेच होते. शांतपणे आणि धीराने राजनय करावा, ही त्यामागची भूमिका. तिला कारणे आहेत. म्यानमारशी आपली १,६४३ किलोमीटरची सीमा आहे, ईशान्येतील बंडखोरांचे तळ पलीकडे आहेत, आणि आपण दार लावले तर चीन आत बसेल अशी धास्ती आहे. ही कारणे मला खोटी वाटत नाहीत. परंतु त्याच सीमेवरच्या मिझोरमने म्यानमारच्या चिन प्रांतातून आलेल्या तीस हजारांहून अधिक निर्वासितांना आपले नातेवाईक म्हणून ठेवून घेतले, चर्चमधून आणि घरोघरी तांदूळ गोळा करून त्यांना खाऊ घातले, आणि तेही आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नसताना. भारताची भूमिका काय, असे विचाराल तर दिल्ली आणि ऐझॉल यांची मिळूनच ती समजून घ्यावी लागते.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. भारताबद्दल बोलले गेले तर? बोलले जातेच. मानवी हक्क परिषदेत प्रत्येक सदस्य राष्ट्राचा साधारण साडेचार वर्षांनी आढावा घेतला जातो. आपला २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये झाला. छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केली आणि अजून तो मंजूर केलेला नाही, ही गोष्ट दर वेळी निघते आणि दर वेळी आपला प्रतिनिधी विचार चालू असल्याचे सांगतो. यात अपमान वाटण्यासारखे काय आहे, हे मला समजत नाही. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ मध्ये आपण आपल्या मर्जीने स्वीकारला आहे. म्यानमारने तो आजवर स्वीकारलेलाच नाही. ज्याने सही केली त्याला विचारणा होणारच.

एक गोष्ट मात्र तुमच्यासारख्या विद्यार्थ्याने मुद्दाम शोधून वाचावी. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना ‘केसरी’तील लेखांवरून सहा वर्षांची शिक्षा झाली ती प्रामुख्याने भारतीय दंड संहितेच्या १२४-अ या राजद्रोहाच्या कलमाखाली, आणि ती त्यांनी भोगली मंडालेच्या तुरुंगात. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, त्यामुळे १८६० ची तीच दंड संहिता, त्याच कलमांसह, तिथे आजही चालू आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने १२४-अ मध्ये दुरुस्ती करून त्याची कक्षा वाढवली, म्हणजे सैन्याविरुद्ध असंतोष हाही राजद्रोहात मोडू लागला. आपल्याकडे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा वापर स्थगित केला. जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे. दोन्ही कलमे शेजारी ठेवून एकदा वाचा आणि काय बदलले, काय उरले, ते मला लिहून कळवा. उत्तर नीट असेल तर पुढच्या अंकात छापू.

प्रश्न : आम्ही मूर्तिजापूर तालुक्यातील एका गावच्या बुद्धविहारातील भगिनी आहोत. आमच्यापैकी काहींनी विपश्यनेची शिबिरे केली असून ही विद्या ब्रह्मदेशातून आली हे आम्हाला माहीत आहे. बाबासाहेबही तिथे गेले होते. मग बौद्धांच्या देशात भिक्खूच मुसलमानांविरुद्ध द्वेष कसा पसरवतात? आमच्या मनाला हे फार लागले आहे.

उत्तर : आपले पत्र वाचून मीही काही वेळ थांबलो. बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते, आणि विपश्यना शिकवणारे गुरुजी सत्यनारायण गोएंका यांचा जन्म मंडालेचा, हे आपले म्हणणे बरोबर आहे. त्या देशाशी आपला संबंध तुरीपेक्षा जुना आणि जवळचा आहे.

भिक्खूंनी द्वेष पसरवला, हेही खरे आहे. मंडालेचे आशिन विराथू यांनी २०१२ नंतर गावोगाव फिरून आणि फेसबुकवरून मुसलमानांवर बहिष्कार घालण्याचा प्रचार केला. त्या प्रचाराला सुपीक जमीन आधीच तयार होती. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने पूर्ण नागरिकत्व अशा वंशांपुरते ठेवले जे १८२३ पूर्वी, म्हणजे इंग्रज येण्यापूर्वी, तिथे वसलेले मानले जातात, आणि रोहिंग्यांना त्या यादीत जागा दिली नाही. ज्याच्याकडे कागद नाही त्याला गावाबाहेर जायला परवानगी लागते, लग्नाला लागते, मुलाच्या शाळेला अडचण येते. गावाची हद्द आणि माणसाची पायरी कागदावर आखली की पुढे काय काय होते, हे आपल्या आजी-पणजींनी वेगळ्या रूपात भोगलेले आहे, त्यामुळे मी अधिक लिहीत नाही. दुःखाची आणखी एक गोष्ट अशी की, ज्या स्यू ची यांना १९९१ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले, त्या डिसेंबर २०१९ मध्ये स्वतः हेगला जाऊन लष्कराच्या बाजूने उभ्या राहिल्या. चौदा महिन्यांनी त्याच लष्कराने त्यांना अटक केली. पुढे त्यांना एकूण ३३ वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली आणि २०२३ मध्ये ती २७ वर्षांवर आणली गेली.

पण त्या देशातला भिक्खुसंघ एकाच सुरात बोलत नाही. इंधनाचे भाव एका रात्रीत वाढवल्यावर सप्टेंबर २००७ मध्ये हजारो भिक्खू रंगून आणि मंडालेच्या रस्त्यांवर उतरले. त्यांच्या हातांत काही नव्हते आणि तोंडी मैत्रीभावनेचे मेत्त सुत्त होते, जे आपण विहारात म्हणता तेच. त्यांनी सैन्याधिकाऱ्यांकडून भिक्षा घेणे नाकारले आणि भिक्षापात्र पालथे धरले. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, सांगितलेली ही कृती आहे. दात्याला पुण्याची संधीच नाकारणे हा श्रद्धाळू बर्मी माणसासाठी मोठा दंड मानला जातो, मग तो अंगावर तारे लावलेला सेनापती का असेना. सैनिकांनी रात्री विहारांत शिरून त्या भिक्खूंना पकडून नेले. २०२१ नंतरही अनेक भिक्खू निदर्शनांत होते. विराथू यांच्यावर मात्र आधीच्या सरकारने राजद्रोहाचा खटला भरला होता, तो लष्कराने सप्टेंबर २०२१ मध्ये मागे घेतला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांना किताबही दिला. कोणत्या चीवराचा सत्ताधाऱ्यांना उपयोग होतो आणि कोणत्याचा त्रास, हे यावरून आपल्याला दिसेल. मेत्त सुत्त म्हणताना आपल्या मनात आता त्या लोकांचा विचार येतो, असे आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे. त्यात रोहिंग्या बायकांनाही जागा द्यावी, एवढेच मी सुचवीन.

प्रश्न : माझा पुतण्या बी.कॉम. झाला असून सिंदेवाहीला घरीच आहे. ओळखीतल्या एकाने त्याला थायलंडमध्ये ‘डेटा एन्ट्री’चे महिना ऐंशी हजारांचे काम सांगितले आहे. दीड लाख रुपये मागतो, व्हिसा पर्यटनाचा आहे, मुलाखत टेलिग्रामवर झाली. घरचे धानाची एक बांधी गहाण टाकायला निघाले आहेत. आपल्या सदराशी याचा संबंध नसेल तर क्षमा असावी.

उत्तर : संबंध पूर्ण आहे. म्यानमारच्या पूर्व सीमेवर, थायलंडच्या माए सोट शहरासमोर नदीपलीकडे, म्यावाडी नावाचा भाग आहे. तिथे सैन्याशी संधान असलेल्या सशस्त्र टोळ्यांच्या आश्रयाने ऑनलाइन फसवणुकीचे मोठमोठे बंदिस्त आवार उभे राहिले. बँकॉकच्या विमानतळावर उतरवून घेतलेल्या मुलांना गाडीने तिकडे नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि दिवसाचे सोळा-सोळा तास फोनवर लोकांना लुबाडायला लावतात. नाही म्हणणाऱ्याला मार आणि विजेचे झटके. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये असा अंदाज दिला होता की, एकट्या म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार माणसे अशी अडकलेली असावीत. मार्च २०२५ मध्ये भारताने हवाई दलाच्या विमानांतून ५४९ जणांना दोन दिवसांत परत आणले. कायद्याचे राज्य गेलेल्या मुलखात अशी आवारे राजरोस चालतात, आणि त्यासाठी लागणारी माणसे सिंदेवाहीसारख्या गावांतून गोळा होतात.

आपण दिलेल्या वर्णनातली प्रत्येक खूण धोक्याची आहे. पर्यटनाच्या व्हिसावर काम करता येत नाही. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाची केंद्र सरकारकडे नोंदणी असावी लागते. ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नाव टाकून कोणालाही तपासता येते, आणि नोंदणीकृत एजंटालाही ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी यांपेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्या ओळखीतल्या माणसाकडे नोंदणी क्रमांक लेखी मागा. तो बहुधा रागावेल, उशीर झाला तर जागा जाईल म्हणेल. टेलिग्रामवरचे सगळे बोलणे पुसले जाण्याआधी त्याची छायाचित्रे काढून ठेवा आणि सायबर पोलिसांना १९३० या क्रमांकावर कळवा. बांधी गहाण टाकू नका, आणि हे सगळे होईपर्यंत मुलाचा पासपोर्ट घरातल्या पेटीत, किल्ली आपल्या वहिनींकडे, असा राहू द्या.